मेरेडिथला चहा नाही

या वेळी घर आवरायचंच नाही, असं मी ठरवलं होतं. गेल्या वर्षी मूर्खासारखी फरशी घासली, भावाचा, गार्थचा, शर्ट इस्त्री केला, केक केला. पाहुणी येणार म्हणून! आणि अपंग-सहाय्य योजनेकडून तपासणीला आलेली ती मेरेडिथ माझाच केक खात म्हणाली, "अगं बाई, किती सुधारलाय गार्थ!" झालं. सुधारला म्हणून त्याच्या रिकव्हरी कोचचा निधी बंद.

लॉर्ना, त्याची कोच, काही डॉक्टर नव्हती. ती त्याला अंथरुणातून उठवायची, बसने न्यायची, शनिवारी फुटबॉल क्लबात सॉसेज भाजायला उभा करायची. आमच्या बॅलरॅट गावातली माणसं त्याला नावाने हाक मारायला लागली होती. ती गेली आणि हिवाळा संपायच्या आत गार्थ पुन्हा खोलीत. खिडकीला चांदीचा कागद, कारण म्हणे बाहेरून कुणीतरी ऐकतंय. शेवटी हॉस्पिटल.

तो घरी परतल्यावर मेरेडिथ पुन्हा आली, तेव्हा सिंकमध्ये भांडी तशीच होती.

"त्या खुर्चीवरचे कपडे सरकवा नि बसा," मी म्हटलं. "चहा नाहीये."

"कसा आहेस, गार्थ?"

"बरा आहे," तो म्हणाला. नेहमीसारखंच.

"बरा? डोंबलाचा बरा!" माझं तोंड सुटलं. तो आंघोळ करत नाही. बाथरूमच्या आरशाला घाबरतो म्हणून बाटलीत लघवी करतो. हॉस्पिटलात नेताना चौघांनी धरला, तेव्हा मेलेल्या आईला हाका मारत रडत होता. सगळं ओकले. "हे तुमच्यामुळे झालंय, बाई. लिहा! खाली काय बघताय, लिहा!"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. खोटं कशाला बोलू, जीव थंड झाला माझा. वर्षभर जळत होते मी.

मधेच गार्थ म्हणाला होता, "नोलीन, पुरे." मी थांबले नाही.

निधी मिळाला, आधीपेक्षा जास्तच. मंगळवारी लॉर्ना दारात हजर, आणि गार्थच्या खोलीला आतून कडी.

"अरे, लॉर्ना आलीय! तुझी लॉर्ना! उघड ना."

"बाटलीचं तिलाही सांगितलंस?"

"तुझ्यासाठीच बोलले रे मी."

"माझ्यासाठी नाही. तुला त्या मेरेडिथची जिरवायची होती. मी समोर बसलो होतो, नोलीन." मग म्हणाला, "कोच तूच ठेव. तुला जास्त गरज आहे."

मी दार बडवलं, शिव्या घातल्या, रडलेसुद्धा. कडी निघाली नाही.

लॉर्नाने मला बाजूला केलं आणि त्याच्या दाराशी जमिनीवर बसून राहिली. बराच वेळ. निघताना दाराकडे तोंड करून म्हणाली, "पुढच्या मंगळवारी येते, गार्थ." माझ्याशी एक शब्द बोलली नाही.