बेचाळीस नंबरचं तेल

मत्सराने राज्यं बुडाली, सख्खे भाऊ वैरी झाले, जगाचा इतिहास घडला. आमच्या घरात तो शंभर मिलीच्या बाटलीतून आला, आणि बाटली फुकट होती.

माझ्या दोन्ही मुलींना एकच दुखणं, एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं काहीतरी भलतीकडे वाढतं आणि पोटात सुरी फिरते. थोरली शिवणकाम करते. ती म्हणते, "अस्तर चुकीच्या जागी लागलंय, आणि उसवताही येत नाही."

इस्पितळात वनस्पती तेलांची चाचणी निघाली तेव्हा दोघींनी नावं दिली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "अर्ध्या बाटल्यांत औषधी तेल, अर्ध्यांत साधं, लेबलावर नुसता नंबर. कुणाकडे काय, मलाही ठाऊक नाही. नेहमीच्या गोळ्या सोडू नका. तेल रोज पोटाला चोळा आणि दुखणं दहापैकी किती, ते तक्त्यात लिहा."

दहापैकी म्हटल्यावर संपलंच. या दोघी शाळेपासून दहापैकीवरूनच भांडत आल्यात.

दोन महिन्यांत धाकटी आठावरून तीनवर आली. थोरली आठावर ठाण मांडून.

"तुझं बरंय बाई," थोरली कात्री चालवत म्हणाली. "लहानपणी खिडकीजवळची खाटही तुलाच मिळाली होती."

"मी काय वशिल्याने तेल आणलं, ताई?"

"तू कुठे काय आणतेस? तुला मिळतं."

रविवारी धाकटी बाहेर पडली, तशी थोरलीने इस्त्रीच्या वाफेवर दोन्ही बाटल्यांची लेबलं सोडवली आणि अदलाबदल करून चिकटवली. मी पेपर वाचत होतो, म्हणजे बघत होतो. बाप असलो तरी तापल्या इस्त्रीच्या आड येण्याइतका शूर नाही. आठवड्याभरात तिच्या तक्त्यात पाच आला आणि ती गुणगुणत काजं करू लागली.

पुढच्या तपासणीला नर्सने धाकटीची बेचाळीस नंबरची बाटली उजेडात धरली. "लेबलं मीच लावते. माझं एकही सरळ बसत नाही. हे कुणी लावलं?"

वाकडं लेबल वाकडंच चिकटवणं शिवणाऱ्या हाताला जमलं नव्हतं.

"मी," थोरली म्हणाली. "मलाही एखादा दिवस तीनचा हवा होता."

डॉक्टरीणबाईंनी दोघींचे तक्ते बाद केले. तेलाला गुण आहे की नाही, ते आता बाकीच्या बायकांवरून वर्षाअखेरीस कळणार.

"माझा तसाही खोटाच होता," धाकटी पुटपुटली. "माझेही आठच होते. तू आठ लिहून दिवसभर मशीन चालवायचीस, मी आठाला अंथरुणात. मग मी कुठल्या तोंडाने आठ लिहिणार?"

संध्याकाळी दोघी एकाच खाटेवर पोट धरून पडल्या होत्या. मग थोरलीने धाकटीचा हात हातात घेतला. आता उभ्या जन्माची अढी सुटणार म्हणून मी पेपरची घडी केली.

"छकुले," थोरली म्हणाली, "गरम पाण्याची पिशवी मघापासून तुझ्याकडेच आहे. दे की जरा इकडे."