साईप्रियाचा पत्ता

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या बोळात वत्सलाक्काची मेस होती, आणि त्या मेसमधून गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर जात नसे. कोण कुणाबरोबर जेवायला येतो, कुणाच्या घरी दोनाऐवजी एकच डबा जायला लागला, सगळं अक्काच्या पोटात. बिलाच्या कॉम्प्युटरला तिनं पासवर्ड लावला होता. महिन्याचे पैसे आले की गिऱ्हाइकाचा पत्ता आणि फोन नंबर ती स्वतःच्या हातानं पुसून टाकी. सॉफ्टवेअर विकायला आलेल्या पोरानं सुचवलं, "असू द्या की अम्मा, वाढदिवसाला मेसेज पाठवता येईल." तिनं त्याला कॉफी पाजून वाटेला लावलं. लोक इथं जेवायला येतात, आपली जन्मपत्रिका द्यायला नाही, असं तिचं म्हणणं.

एक फट मात्र राहिली होती, आणि ती तिला फट वाटतच नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेली अक्काच्या घरची मराठी माणसं बाहेर तमिळ बोलत. पण गिऱ्हाइकाला कळू नये असं काही असलं की त्याच्या तोंडावर खुशाल मराठी. 'कोपऱ्यातल्याला सकाळचा वडा देऊं नको, तो तक्रार करतो' हे त्या कोपऱ्यातल्याकडे हसून बघत सांगायचं. गावात मराठी घरं मोजकी, सगळी ओळखीची. बाकी कुणाला काय कळणार? डबे पोचवणारा मणी मुळात तमिळ. या स्वयंपाकघरात वाढून तो घडाघडा मराठी बोलायला लागला होता. ही भाषा कुणीही शिकू शकतं याचा पुरावा रोज तिच्या समोर डबे घासत बसे, आणि बाईच्या डोक्यात ते कधी आलं नाही!

साईप्रिया जवळच्याच ओरत्तनाडू गावची, मराठी घरातली. प्रवीणकुमार नावाच्या तमिळ मुलाशी तिनं प्रेमानं लग्न केलं आणि त्यानं तिचा जबडा मोडला. ती पळून तंजावुरात आली, खोली घेऊन राहिली. सुरुवातीला तिला चावता येत नव्हतं. अक्का तिच्यासाठी दहीभात हातानं कुस्करून डब्यात भरी. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "अक्का, माझा पत्ता कोणासही सांगूं नका. तेणें गांठलें तर मला जिती ठेवणार नाहीं."

"माझा जीव गेला तरी सांगणार नाहीं," अक्का म्हणाली होती, आणि ते खरंच तिच्या मनातलं होतं.

डब्याचे पैसे साईप्रियानं एकदाच कार्डानं भरले. बँकेचा मेसेज गेला तो जुन्या नंबरावर, आणि तो फोन राहिला होता नवऱ्याकडे. मेसेजात मेसचं नाव होतं.

प्रवीणकुमार आला तेव्हा दुपारची जेवणं उरकली होती. अक्काचा नवरा रघुराम संध्याकाळच्या दोशांसाठी तवा तापवत होता, शेजारी वड्यांची कढई चढली होती. प्रवीणकुमारबरोबर एक दांडगा सोबती होता. त्यानं आत शिरताच शटर अर्ध्यावर ओढलं.

"माझी बायको इथून डबा घेते," प्रवीणकुमार तमिळमध्ये म्हणाला. "कुठं राहते?"

"असं कुणी नाही," गल्ल्यावर बसलेली अक्का म्हणाली.

त्यानं तिच्या थोबाडीत मारली. तिचा ओठ फुटला. त्यानं रघुरामकडून कॉम्प्युटर उघडवला. पत्ता पुसलेला होता. तेव्हा त्यानं स्टूल उचलून पडद्याचा चक्काचूर केला आणि शर्टाखालून कोयता काढून गल्ल्यावर ठेवला. सोबत्यानं रघुरामचा हात पिरगाळला, तव्याकडे ओढला आणि तळवा तापल्या लोखंडावर दाबून धरला.

रघुराम गुरासारखा ओरडला. त्याला पत्ता ठाऊकच नव्हता, तो बिचारा काय सांगणार! ठाऊक होता तो अक्काला आणि मणीला. कातडी जळल्याचा वास सुटला, तशी तिची अक्कल सैरभैर झाली. मणीला नुसतं नाव पुरलं असतं हेही तिला सुचलं नाही, आणि तिनं तेच केलं जे ती जन्मभर करत आली होती. मागच्या दारी डबे घासणाऱ्या मणीला ती मराठीत ओरडून म्हणाली, "मणी, मागल्या दारानें पळ! तळ्याच्या कांठीं, निळ्या दाराच्या घरीं जा! साईप्रियेला सांग, तो आलाय, असशील तशी नीघ म्हण!"

मणीची सायकल खडखडत बोळात गेली. अक्का प्रवीणकुमारला तमिळमध्ये म्हणाली, "डॉक्टरला बोलवायला पाठवलंय." आपण शहाणपणा केला असं तिला त्या क्षणी खरोखर वाटलं.

प्रवीणकुमार हसला. त्यानं सोबत्याला खुणेनं थांबवलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "डाक्टर कशाला, अक्का? तळ्याचा कांठ, निळें दार. तिनेंच शिकवली मला ही भाषा."

त्यानं कोयता उचलला. बाहेर त्याची मोटारसायकल उभी होती आणि मणी सायकलवर. कोण आधी पोचणार हे कुणी सांगायला नको होतं.

शटरखालून जायला तो वाकला. अक्कानं फडकं घेतलं न घेतलं, कढईचे दोन्ही कान धरले आणि उकळतं तेल त्याच्या मानेवर, पाठीवर ओतलं. तिचे स्वतःचे हात मनगटापर्यंत भाजले. तो किंचाळत उलटा फिरला आणि त्यानं कोयता आंधळा फिरवला; पात्यानं तिचा दंड उघडला. तिनं लोखंडी झारा घेऊन त्याच्या हातावर घातला. कोयता पडला, तोही पडला. ती मारतच राहिली. खांद्यावर, तोंडावर, भुईवर गडबडा लोळणाऱ्या त्या देहावर जिथं बसेल तिथं. सोबती कधीच पळाला होता. शेवटी रघुरामनं एका हातानं तिला कमरेला धरून मागं ओढलं. "पुरे, वत्सले! मरेल तो!"

"मरूं दे!" ती म्हणाली, आणि तेही तिच्या मनातलंच होतं.

तो मेला नाही. पोलिसांच्या पहाऱ्यात, पालथा निजवून त्याला दवाखान्यात ठेवलं. त्याच दवाखान्यात दुसऱ्या मजल्यावर अक्का दोन्ही हात बांधून पडली होती. संध्याकाळी साईप्रिया आली, खांद्याला पिशवी लावून. निघण्याच्या तयारीतच होती. नवऱ्याला तिचं घर कळलं होतं हे पोलिसांनी तिला सांगितलं होतं.

"अक्का, माझा पत्ता त्यास कोणीं सांगितला?"

अक्काला खोटं बोलता आलं असतं. मणी अवाक्षर काढणार नव्हता.

"मीं सांगितला," ती म्हणाली. "माझ्याच तोंडानें. मराठींत. त्यास कळणार नाहीं म्हणून."

साईप्रिया खाटेच्या कडेला बसली. तिनं आपल्या वाकड्या जबड्यावर हात ठेवला. "लग्नाच्या नवेपणीं शिकवली मीं त्याला," ती म्हणाली. "चुकायचा, अन् मी हंसायचें. फार बरें वाटायचें, अक्का."

दोघी रडल्या. अक्काला डोळेही पुसता येईनात, ते साईप्रियानं आपल्या पदरानं पुसले. मग ती उठली.

"तो सुटायच्या आधीं लांब जायला हवें. आज रात्रींच निघतें. तुम्हांस म्हणून सांगतें, अक्का, मी आतां..."

"नको!" अक्का ओरडली. हात कानांवर ठेवता येत नव्हते, म्हणून तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. "मला सांगूं नको."

जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत ती तशीच पडून राहिली.