दोरीमागचा वीरगळ

मी वीरगळ आहे. लढाईत कामी आलेल्या माणसाच्या आठवणीसाठी उभा केलेला दगड. पाथरवटानं माझ्या तळाशी समुद्रावरची लढाई कोरली: होड्या, वल्ही, वल्ह्यांवर वाकलेली माणसं. वरच्या अंगाला स्वर्गात चाललेला वीर. त्याचं नाव मात्र कोरलं नाही, आणि मलाही ते आता आठवत नाही.

कित्येक शतकं मी बोरिवलीजवळच्या एका वाडीत तळ्याकाठी होतो. कुणी मला शेंदूर फासला, कुणी माझ्यावर ओल्या गोधड्या वाळत टाकल्या. गाई अंग घासून जायच्या. मला कशाचंच वाईट वाटलं नाही. मग शेजारच्या चाळीत धाकू परब राहायला आला. कोकणातला माणूस, गिरणीत कामाला. त्याचा मुलगा चंद्रप्रकाश रोज माझ्याकडे येऊ लागला.

चंदू कमी बोलायचा, कुणाच्या डोळ्यांत बघायचा नाही. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून पळत सुटायचा. डॉक्टर एक सांगत, शेजारी दुसरंच. वाडी त्याला सरळ 'येडा' म्हणायची. माझ्यापाशी मात्र तो मांडी घालून बसायचा आणि वल्ह्यांवरून बोट फिरवायचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा पहिल्यापासून. हळूहळू त्याचा श्वास संथ व्हायचा. असं करत पोराचा बाप्या झाला, तरी येणं चुकलं नाही.

त्र्याऐंशी साली वाडीची जमीन बिल्डरनं घेतली. मला वाचवायचं म्हणून एका संस्थेनं आपल्या छोट्या संग्रहालयात नेलं. शेंदूर खरवडला, पुढे दोरी बांधली, पाटी लावली: 'हात लावू नये'. वाचलो खरा. पण तिकडे चंदू माझ्या रिकाम्या खड्ड्याकाठी बसून राहतो, धड जेवत नाही, हे मला कोण सांगणार? ते पुढे त्याच्या बहिणीच्या, विमलाच्या, तोंडून कळलं.

एका रविवारी तीच त्याला घेऊन आली. हॉलमध्ये गर्दी, माइकवर कुणाचं तरी भाषण, डोक्यावर लुकलुकणारी ट्यूबलाइट. चंदूनं मला पाहिलं आणि तो थेट दोरीखालून आत शिरला. बोट टेकतंय न टेकतंय तोच रखवालदार ओरडला, "ए, हात काढ!" आणि दंड धरून त्यानं त्याला खेचलं. चंदू किंचाळला, स्वतःचाच हात चावायला लागला.

"असल्यांना इथे आणतात कशाला?" एक बाई म्हणाल्या.

"बाजूला व्हा ना, हवा येऊ दे त्याला," एवढंच बोलून विमला भावाला घेऊन बाहेर पडली.

दोन-चार दिवसांनी ती अंधेरीच्या कारखान्यातलं काम बुडवून एकटीच आली. संग्रहालय सांभाळणारे शिवदास सर माझ्यासमोरच उभे होते.

"ताई, हातांच्या घामानं दगड खराब होतो. आणि एकाला सूट दिली की सगळे मागतील."

"मागू दे ना! हा दगड तळ्यावर होता तेव्हा तुमच्यापैकी कुणी फिरकलं नाही, सर. माझा भाऊ रोज यायचा. तुमची पाटी आत्ता आली."

सरांनी रखवालदाराचं स्टूल तिच्यापुढे सरकवलं. मग म्हणाले, "त्याला नक्की त्रास कशाचा होतो?"

हा प्रश्न विमलाला आजवर कुणी विचारला नव्हता. ती स्टुलावर बसली आणि सांगत गेली: आवाज, लुकलुकणारा दिवा, अंगाला अचानक लागलेला परका हात.

सोमवारी संग्रहालय बंद असे. संस्थेच्या समितीशी वाद घालून सरांनी चंदूसाठी तो दिवस मिळवला. समितीची अट होती: वरच्या नाजूक नक्षीला काच, हात फक्त होड्यांना, तोही धुऊन. सरांनी ट्यूबलाइट मालवली, खिडक्या उघडल्या, रखवालदाराला फाटकावर बसवलं.

आणि चंदू दारातूनच परत फिरला. पुढच्या सोमवारीही तसंच. विमला पायरीवर बसून रडली. "उगाच तुम्हाला कामाला लावलं, सर."

"घाई काय आहे?" सर म्हणाले. "सोमवार परत येणारच आहे."

पावसाळा सरता सरता तो आत आला. उभा राहिला. मग खाली बसून त्यानं बोट ठेवलं. मी दगड आहे, मला शहारा येत नाही. पण त्या दिवशी आला असं मला वाटतं.

बातमी पसरली. चाकाच्या खुर्चीतल्या एका गृहस्थांसाठी पायऱ्यांवर फळ्यांची उतरण बसली. मुलुंडहून द्रौपदीबाई आल्या, दृष्टी गेलेल्या. चंदूला माझ्यापाशी दुसरं कुणी चालत नसे. बाई चाचपडत पुढे झाल्या तशी विमला धास्तावली. चंदूनं वर पाहिलं नाही. बसल्या बसल्या तो थोडा सरकला, एवढंच.

"अगो बाई, ही माणसं वल्हवतायत की!" द्रौपदीबाई म्हणाल्या.

आता समितीतले काहीजण म्हणतात, सोमवार बंद करा, वीरगळ झिजतोय. झिजतोय हे खरं आहे. पण दोरीमागे कोरा करकरीत उभं राहून मी कुणाला काय सांगणार? ज्यांना गर्दी सोसते त्यांनी खुशाल रविवारी यावं. ज्यांना सोसत नाही, त्यांचा सोमवार त्यांना राहू द्या. आणि जमलं तर एखाद्या रविवारी तो माइक बंद ठेवून बघा. कोण जाणे, चंदू त्या दिवशीही येईल.