तीन दुकानांची एक बोहनी

आमच्या वाट्याचं ऐंशी लिटर पाणी दर चौथ्या दिवशी लक्ष्मम्माच्या घरी जात होतं.

त्या उन्हाळ्यात चाकूरला टँकर चार दिवसांनी यायचा आणि घरटी दोनशे लिटर द्यायचा. आमच्या घरच्या घागरी, कळश्या, हंडे, अगदी ताकाचा डेरासुद्धा धरला तरी एकशेवीस लिटर भरायचे. मी शाळेतलं मोजपात्र आणून दोनदा मोजलं होतं. भांडी संपली की टँकरवाला पाइप उचलून शेजारच्या दारात न्यायचा. तिथे लक्ष्मम्मा दोन लोखंडी टाक्या मांडून उभीच असायची.

"तुमच्या वाट्याचं पाणी लई गोड लागतंय बघा, नीलाबाई," असं ती दर खेपेला म्हणायची. नीलाबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्या आत्याबाई. त्या आत यायच्या आणि रिकामी परात जमिनीवर आपटायच्या.

एका सोमवारी परात आपटून झाल्यावर त्या म्हणाल्या, "महादेवी, पितळी पिंप घ्यायचं. शुक्रवारच्या टँकरच्या आत."

शेवया-पापड विकून जमवलेले चारशे तीस रुपये त्यांनी डब्यातून काढले. एसटीच्या तिकिटाचे वेगळे ठेवले. नांदेडहून माझ्या आईचं कार्ड आठवड्यापूर्वीच आलं होतं : तिथे पितळेचा भाव अडतीस रुपये किलो, नव्वदेक लिटरचं पिंप बारा किलोच्या आसपास. गुणाकार केला तर चारशे छप्पन्न होत होते. सव्वीस रुपये कमी पडत होते, आणि नांदेडचं भाडं निराळं.

"मग लातूर बघा," मी म्हटलं.

मामंजी, म्हणजे अमृतराव, ओसरीवरून हसले. "लातूर आता जिल्हा झालाय. भाव बी जिल्ह्याचा झालाय. एकेक दुकानदार सोताला कलेक्टर समजून राहिलाय."

"कलेक्टर असू दे न्हाईतर कमिशनर," आत्याबाई म्हणाल्या, "सकाळी बोहनीच्या टायमाला सगळे सारखेच. पहिलं गिऱ्हाईक रिकामं जाऊ नये म्हणून दोन रुपये सोडतातच."

हे वाक्य मला फार आवडलं. मी चाकूरच्या शाळेत विज्ञान शिकवते. दोन गोष्टींची तुलना करायची तर बाकीची परिस्थिती सारखी ठेवावी लागते, हे मुलांना दरवर्षी सांगते. एका दुकानात आपण पहिलं गिऱ्हाईक आणि दुसऱ्यात दहावं, ही तुलनाच नव्हे. मी ठरवलं, प्रत्येक दुकानात आपण पहिलंच जायचं.

आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "बोहनीला पाठ फिरवायची न्हाई ग. माणसाचा दिवस जळतो."

"पाठ कुठे फिरवतोय? जाऊन येतो म्हणायचं. एकाकडे परत जाऊच की."

"आन् बाकीचे?"

"त्यांच्याकडे दुसरी गिऱ्हाइकं येतील."

ह्या उत्तरात किती मोठी चूक होती ते मला दुसऱ्या दिवशी अकरा वाजता कळलं.

मंगळवारी पहिल्या एसटीने आम्ही लातूरला उतरलो. गंजगोलाईच्या बाजारात दुकानांची फळकुटं अजून निघायची होती. गुरुपादप्पांचं दुकान आधी उघडलं. त्यांनी नुकतंच कपाळाला भस्म लावलं होतं, गल्ल्यावर उदबत्ती खोचली होती.

"शरणार्थ, अक्का! या, बसा. दिवसच चांगला उगवला."

मी पिशवीतून शिवणाचा टेप काढला आणि पिंपाचा व्यास घेतला. पंचेचाळीस सेंटिमीटर. उंची पंचावन्न. मग वहीत आकडेमोड केली. साडेसत्त्याऐंशी लिटर.

"ह्या काय झंपर शिवायल्यात का पिंपाला?" गुरुपादप्पांनी आत्याबाईंना हळूच विचारलं.

"सून हाय माझी. बीएस्सी."

"हां, हां," ते म्हणाले, जणू त्या आजारावर औषध नसतं. वजन बारा किलो, भाव सदतीस. चारशे चव्वेचाळीस. आम्ही "जाऊन येतो" म्हणालो. त्यांचा चेहरा उदबत्तीच्या राखेसारखा खाली आला.

चंद्रप्पांचं दुकान पाऊण तासाने उघडलं. त्यांनी पस्तीस भाव सांगितला आणि आत्याबाईंनी लगेच पदराची गाठ सोडायला घेतली. मी त्यांचा हात धरला. चंद्रप्पांचं पिंप जाड पत्र्याचं होतं : पाणी तेवढंच, वजन साडेतेरा. चारशे बहात्तर रुपये पन्नास पैसे.

"म्हंजे भाव कमी आन् पिंप महाग?"

"हो."

"लई वाईट असतंय ग तुझं गणित," आत्याबाई म्हणाल्या, पण गाठ परत मारली.

तिसरं दुकान रामकिशन शेठचं. भाव अडतीस, वजन साडेअकरा. चारशे सदतीस. सात रुपये जास्त.

"जाऊन येतो," आम्ही तिसऱ्यांदा म्हणालो.

वडाच्या सावलीत बसून मी तक्ता पुरा केला. तो फार सुबक दिसत होता. फक्त दोन गोष्टी मी त्यात धरल्या नव्हत्या. पहिली, गोलाई गोल आहे : तिसऱ्या दुकानातून पुढे चालत राहिलं की पहिलंच दुकान येतं. दुसरी, दुष्काळ होता. अकरा वाजले तरी त्या ओळीत भांडी घ्यायला आमच्याशिवाय एकही माणूस फिरकला नव्हता. तिन्ही दुकानांची बोहनी आमच्या वहीत अडकून पडली होती.

गुरुपादप्पा पायरीवर येऊन उभे होते. "अक्का, तीन उदबत्त्या संपल्या माझ्या. छत्तीस घ्या, पन बोहनी करा."

समोरून चंद्रप्पा ओरडले, "ओ बाई, आधी मला जाऊन येतो म्हनल्या हुत्या! चौतीस!"

"तुला आधी कसं? माझं दुकान आधी उघडलं!"

"तू तर भस्म लावायच्या आधीच फळकुटं काढतोस!"

तेवढ्यात गडगड असा मोठा आवाज आला. रामकिशन शेठ स्वतः पिंप आडवं करून रस्त्यावरून लोटत आणत होते. ते पाहून चंद्रप्पांनी आपलं साडेतेरा किलोचं पिंप डोक्यावर पालथं घातलं आणि निघाले. त्यांना समोरचं दिसत नव्हतं. पिंपाच्या आतून आवाज येत होता, "तेहतीस! तेहतीस!"

आत्याबाई गुरुपादप्पांच्या पायरीवर न्यायाधीशासारख्या बसल्या. एकेक भाव आला की त्या माझ्याकडे बघायच्या.

"तेहतीस, साडेतेरा किलो," मी म्हणायची. "चारशे पंचेचाळीस पन्नास."

"नापास. पुढचा!"

"सदतीस," रामकिशन शेठ धापा टाकत म्हणाले.

"चारशे पंचवीस पन्नास."

"हे बसतंय ग!" त्या हळूच म्हणाल्या. मग मोठ्याने, "अजून कुनी हाय का?"

रिक्षावाले थांबले. पानवाला ठेला सोडून आला आणि चंद्रप्पांच्या बाजूने ओरडू लागला. मला हसू आवरेना. मी फार हसणाऱ्यांतली नाही, पण आकडा सांगता सांगता माझा आवाज फाटला, आणि मग आत्याबाईही पदर तोंडात कोंबून हसू लागल्या. दोघींच्याही डोळ्यांतून पाणी.

"चौतीस!" गुरुपादप्पांनी पायरीवर हात आपटला. "ह्याच्याखाली माझी बायको मला घरात घ्यायची न्हाई."

"चारशे आठ," मी कशीबशी म्हणाले.

चारशे आठ! आत्याबाईंनी गाठ सोडली. गुरुपादप्पांनी नोटा तराजूला लावल्या, मग डोळ्यांना लावल्या, आणि चौथी उदबत्ती पेटवली.

रामकिशन शेठनी पिंप वळवलं. चंद्रप्पांनी डोक्यावरचं उतरवलं. घामाने डबडबलेलं तोंड बाहेर आलं. "जाऊ द्या," ते म्हणाले. "आजचा दिवस गेला म्हनायचा."

हसू थांबलं. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तक्त्याकडे पाहिलं. त्यात ह्याचा रकाना नव्हता.

"महादेवी, किती उरले?"

"बावीस."

"पिंपाला झाकन लागतं का न्हाई?"

"लागतं."

"आन् पानी काढायला ओगराळं?"

झाकण रामकिशन शेठकडून घेतलं, अॅल्युमिनिअमचं, तेरा रुपयांना. लांब दांड्याचं ओगराळं चंद्रप्पांकडून, सहा रुपयांना. दोघांनीही नोटा तराजूला लावल्या. चंद्रप्पांनी तर ते सहा रुपये पिंपाचेच पैसे असावेत तसे हळू हातानं डोळ्यांना लावले आणि म्हणाले, "अक्का, पुढच्या टायमाला आधी माझ्याकडं या. ह्या बीएस्सीला मात्र घरी ठेवा."

तीन रुपये उरले. त्यांतला दीड रुपया कंडक्टरने पिंपाच्या लगेजचा घेतला आणि उरलेल्या दीडात आम्ही स्टँडवर चहा प्यालो. पिंप एसटीच्या टपावर गेलं. वाटेत प्रत्येक खड्ड्याला ते घंटेसारखं वाजायचं आणि आत्याबाई दर वेळी म्हणायच्या, "आपलंच."

शुक्रवारी टँकर आला. डेऱ्यापर्यंत सगळं भरलं. मग पाइप पिंपात गेला. लक्ष्मम्मा दारात टाक्या घेऊन उभी होती. पिंपातलं पाणी वर वर चढत गेलं. बरोबर ऐंशी लिटर झाल्यावर टँकरवाल्याने चावी बंद केली. काठापर्यंत तीन बोटं मोकळी होती. माझं गणित चुकलं नव्हतं. लक्ष्मम्माच्या टाक्या अजून कोरड्याच होत्या. तिची पाळी आता होती, पण त्या दिवशी तिच्या वाट्याला तिचंच पाणी होतं.

आत्याबाईंनी ओगराळ्याने एक घागर भरली आणि शेजारी नेऊन ठेवली.

"हे काय?" लक्ष्मम्मा म्हणाली.

"नव्या पिंपाची बोहनी. रिकामी जाऊ नये."

लक्ष्मम्माने घागर उचलून उंबऱ्याच्या आत ठेवली. मग तिने न राहवून विचारलं, "काय भावानं घेतलं?"

"एकतीस," आत्याबाई म्हणाल्या.

मी तोंड उघडलं. आत्याबाईंनी माझा पाय दाबला.

शनिवारी पहाटे दार वाजलं. बाहेर लक्ष्मम्मा उभी होती, नवं लुगडं नेसून, हातात पिशवी.

"मास्तरीणबाई," ती म्हणाली, "तुमचा तो टेप द्या की जरा. पहिल्या एसटीनं निघालेय."