ढोलीसारखं लिंपलेलं खुराडं

मित्रांनो, नाक मुरडू नका. वास येतो, कबूल आहे. मी कोंबड्यांचं एक जुनं खुराडं आहे आणि नाकाडोंगरीला सखाबाईच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, बारा वर्षांपासून पाय रोवून उभं आहे.

माझा जन्म झाला तो मंदामुळे. मंदा ही सखाबाईची एकुलती एक लेक, चिखल्याला दिलेली. १९७६ च्या दिवाळीला पहिल्या बाळंतपणासाठी ती माहेरी आली, तेव्हा पार पांढरीफटक पडली होती. दोन पावलं चालली की धापा टाकायची. नर्सबाईंनी तिच्या डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि स्पष्टच सांगितलं, अंगात रक्त नाही, रोज एक अंडं पोटात गेलंच पाहिजे, नाहीतर बाळंतपणाची मी हमी देत नाही. गावात रोजचं अंडं मिळणार कुठून? ज्याच्या घरी मिळे, तो ते पिल्लं काढायला कोंबडीखालीच ठेवी. सखाबाईने पदर खोचला. आपल्याच घरी कोंबड्या पाळायच्या, असं तिने ठरवलं.

तिचा नवरा तुलाराम तलावात मासे धरायचा. कुरकुरत का होईना, त्याने चार खुंट्या रोवल्या, जमिनीपासून हातभर उंचीवर बांबूच्या ताट्या बांधल्या आणि वर छप्पर घातलं. मग सखाबाईने मला लिंपायला घेतलं. तिच्या लिंपणाचं काय सांगू! धान साठवायच्या बांबूच्या ढोल्या लिंपायला लोक तिला घरी येऊन बोलावून नेत. तिने लिंपलेल्या ढोलीत मुंगी शिरत नसे. शेण, माती आणि कोंडा मळून तिने मला आतून-बाहेरून असं लिंपलं, की सुईच्या टोकाएवढी फट उरली नाही. दारसुद्धा घट्ट बसवलं. माझी छाती फुगली होती हो! गावात माझ्यासारखं देखणं खुराडं नव्हतं.

चार-चार महिन्यांच्या पाच तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, माझ्यात आल्या. संध्याकाळी सखाबाई त्यांना कोंडायची आणि थंडी लागू नये म्हणून दाराच्या कडाही ओल्या मातीने बुजवायची. चौथ्या दिवशीच त्या चोची उघड्या टाकून बसू लागल्या. मला कळत होतं, पण मला तोंड कुठे आहे? आठव्या सकाळी दार उघडलं, तेव्हा दोघी मरून पडल्या होत्या.

शेजारची चंद्रभागाबाई म्हणाली, नजर लागली, लिंबू बांध. तुलाराम म्हणाला, उरलेल्या तिघी मरायच्या आधी कापून खाऊ. मेलेल्या काढायला सखाबाईने माझ्यात डोकं घातलं आणि क्षणात खोकत बाहेर आली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझ्यासमोर ती तशीच उकिडवी बसून राहिली. मग उठली आणि सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आली.

पहिला घाव बसला, तेव्हा मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढं चोपडं अंग, आणि जिने घडवलं तीच फोडतेय!

"काहून फोडून राहिली वो?" तुलाराम धावत आला. "इतकी मेहनत केली ना!"

"ढोलीतला धान दम घेत नाही," ती म्हणाली. "ह्या घेतेत. मले समजलं नाही."

छपराखाली चारी बाजूंनी तिने वीतभर लांबीची भोकं पाडली. रानमांजर शिरू नये म्हणून त्यांत बोटाबोटाच्या अंतराने बांबूच्या कमच्या बसवल्या. खाली धानाचा कोंडा पसरला, आठ दिवसांनी तो बदलू लागली. बसायला एक आडवी दांडी बांधली. तिन्ही कोंबड्या हळूहळू सावरल्या. संक्रांतीला पहिलं अंडं मिळालं. लहानसंच होतं, पण सखाबाईने ते उकडून मंदाला समोर बसवून खाऊ घातलं.

मग माघात जावई आला. आमच्याकडे जावई आला की कोंबडी कापावीच लागते, नाहीतर सासऱ्याची मान खाली जाते. तुलाराम कोयता घेऊन माझ्याकडे आला. सखाबाई माझ्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"जावयाले मच्छी चारा. माही कोंबडी नाही कापाची."

"लोक काय म्हणतीन?"

"म्हणू द्या. लेक गेली तर जावई कायचा?"

तुलारामचा हात खाली आला. जावयाने माशाचा झोल, म्हणजे रस्सा, खाल्ला आणि आणखी मागून घेतला.

चैत्रात मंदाला मुलगी झाली. बाळ आणि बाळंतीण दोघी सुखरूप. बारशाला बायका जमल्या, सांदवाडीत येऊन मला पाहू लागल्या. सखाबाईचा हातच गुणाचा, असं कौतुक चाललं. गप्प राहिली असती, तर कुणाला काय कळणार होतं? पण ती बाळाला मांडीवर घेऊन सगळ्यांसमोर म्हणाली, "माह्या हातानं दोन मेल्या. तिघींनं माही लेक वाचवली." माझाही राग त्या दिवशी उतरला.

आता १९८८ साल आहे. माझी एक खुंटी वाळवीने खाल्ली आहे, छपराचा बांबू वाकला आहे. तरी पडायचा माझा विचार नाही. मित्रांनो, तुमच्याही घरी खुराडं असेल, तर त्याच्या खुंट्या सांभाळा, कोंडा वेळेवर बदला. आणि पौषातली थंडी पडली, कोंबड्या अंग फुगवून बसलेल्या दिसल्या, की तुम्हाला माया येईल, भोकांत पोतं कोंबावंसं वाटेल. कितीही माया आली तरी कोंबू नका.