कुंकवाची बोटं आन् नववं पान

मित्रांनो, मी एक जुना दस्त हाय. नऊ पानांचा. आठ लिवलेली, एक कोरं. अंगावर कुंकवाची बोटं एवढी, की देवाला बी हेवा वाटावा. पर आदी माझं ऐका आन् मग ठरवा, मी देव हाय का बळीचा बकरा.

कराडच्या लालासाहेब वकिलांच्या टेबलावर माझा जन्म झाला. करून घेतला सुभेदार केरबांनी. घरात, गावात त्यांना सगळी आबा म्हणायची. उंब्रजला हायवेच्या कडंला त्यांनी घर बांधलं हुतं, मागं दोन एकर ऊस. ते कुणी विकू नये म्हणून त्यांनी घरचा ट्रस्ट केला. ट्रस्ट म्हंजी राखायला एक माणूस नेमायचा, आन् खायचा हक्क कागदात नावं असतील त्यांचा. राखणदार नेमला थोरला मुलगा विश्वजित, सांगलीत ऱ्हाणारा. हक्क दोघांचा, विश्वजितचा आन् पलटणीतल्या धाकट्या नाथाजीचा. एक गेला तर सगळं दुसऱ्याचं. तवा नाथाजीचं लगीन झालं नव्हतं, म्हणून तसं लिवलं.

वकिलांनी मागं एक कोरं पान जोडलं आन् बोट रोखून म्हणाले, "सुभेदार, घरात पाळणा हलला की या. तिरडी उठली की या. ह्या पानावर पुरवणी लिवू आन् रजिस्टर करू. नुसता ट्रंकंत कोंबून ठिवू नका याला."

"व्हय साहेब, तेवढं कळतंय मला," आबा म्हणाले.

कळत हुतं. म्हणून तर राग येतो.

मला पलटणीच्या काळ्या ट्रंकंत ठिवलं. वर्सातनं एकदा बाहेर काढायचे, खंडेनवमीला. पाटावर बंदूक, कोयता, खुरपी, मोटरसायकलची चावी आन् मदी मी. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. आबा कडक सॅल्यूट ठोकायचे. मग परत ट्रंकंत. एक ओळ कुणी वाचायचं न्हाई. पैली दोन वर्सं मी बी फुगलो हुतो, खोटं कशाला बोलू?

नाथाजीचं लगीन झालं, संयोगिता घरात आली. आबा म्हणाले, "अंगाची हळद तर उतरू दे, मग जाऊ कराडला." अपेक्षा झाली, पाळणा हलला. "ऊस तोडीला आलाय, टोळी सोडून जाऊ व्हय?" मग रजेवर आलेला नाथाजी कोयनानगरच्या घाटात गाडीसंगट गेला. तिरडी उठली.

त्या साली खंडेनवमीला संयोगिता मागं सरकून उभी ऱ्हायली. शेजारची बनुबाई कुजबुजली, "तिनं आता कुंकवाला हात लावू नये."

"का लावू नये?" आबांचा आवाज चढला. "हे घर तिचं हाय. ये पोरी, तूच लाव."

तिचं बोट माझ्यावर टेकलं. गावाची रीत मोडली की गड्यानं! आन् कराड? मोटरसायकलवर अर्धा तास. तिथं जायाचं तेवढं जमलं न्हाई.

संयोगितानं एकदा विचारलंच. "आबा, कागदाचं तेवढं बघा की. अपेक्षाचं नाव..."

आबांनी ट्रंकंवर हात ठिवला. "नाव घालायचं तर आदी नाथाजीचं खोडाय लागंल. पोराला दुसऱ्यांदा जाळू व्हय गं मी?"

तिथंच च्या पीत बसलेला विश्वजित गोड हसला. "आवं आबा, मी हाय न्हवं? कशाला कागद हलवताय?"

आबांनी मान डोलावली. मी ट्रंकंत आरडत हुतो. कागदाला घसा नसतो.

पुढं आबा अंथरुणाला खिळले. तीन वर्सं संयोगितानं त्यांचं सगळं केलं. विश्वजित सणाला पेढे घिऊन यायचा. मग आबा गेले, आन् तेराव्याचं जेवण उरकल्यावर विश्वजितनं ट्रंक उघडली. पंधरा वर्सांत पैल्यांदा मला कुणीतरी वाचलं. लय चवीनं वाचलं.

"संयोगिता, मी काय वाईट बोलत न्हाई. कागद बोलतोय," तो म्हणाला. "नाथाजी न्हाई, म्हंजी सगळं माझं. मला हितं हाटेल टाकायचंय. तुमी मायलेकी मेढ्याला म्हायेरी जावा."

कागद बोलतोय म्हणं! आरं, मी कवा बोललो? मला पंधरा वर्सांमागचं सांगितलं, तेवढंच ठावं. नंतर कोण आलं, कोण गेलं, मला कुणी सांगितलं?

"दादा, घर माझं हाय म्हणाले हुते आबा," संयोगिता म्हणाली. "सगळ्यांम्होरं."

"म्हणाले आसतील. लिवलंय कुठं?"

बारा वर्सांच्या अपेक्षानं मला त्याच्या हातातनं घेतलं. पैल्या पानावर बोट ठिवलं. "आये, ही बोटं तुझी न्हवं? मग तुझं काय न्हाई आसं कसं?" तिनं पानं उलटली. "आन् हे कोरं का?"

"ते तुझं पान हुतं, बाय," संयोगिता म्हणाली.

विश्वजितनं मला हिसकलं. कोऱ्या पानाचा कोपरा फाटून पोरीच्या मुठीत ऱ्हायला. तेवढाच तिला मिळाला.

आता मी सांगलीत हाय, विश्वजितच्या कपाटात. घर पाडलं. औंदाच्या खंडेनवमीला त्यानं बी मला पाटावर मांडलं, कुंकू लावलं, हात जोडले. मला शिसारी आली.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा कोण आसंल तर त्याची पूजा करू नका. त्याला वाचा. घरात लगीन झालं, लेकरू झालं, माणूस गेलं, तर आसवं पुसून त्याच आठवड्यात त्याला सांगा. माणूस मरताना तोंडानं दिलेलं संगं घिऊन जातो. मागं फकस्त लिवलेलं ऱ्हातं.

माझ्या नवव्या पानाला कोपरा न्हाई. तो मेढ्यात एका कंपासपेटीत हाय. बाकीचं पान अजून कोरंच हाय.