ठोकळ्यावर खूण नव्हती

मित्रांनो, मी एक जुना बरमा आहे. भोकं पाडायला ड्रिल मशीनच्या तोंडात पीळदार पोलादी दांडा बसवतात ना, तोच मी. सध्या पत्र्याच्या डब्यात पडून आहे, पण जिवाला स्वस्थता म्हणून नाही. गरगर फिरण्यात जन्म गेला. पडून राहणं मला जमतच नाही.

भट्टीत तापून मी कणखर झालो आणि दोघी बहिणींच्या कारखान्यात आलो. तिथे कृत्रिम पाय बनत. राळेत भिजवलेल्या कापडाचे थरावर थर चढवून एक कडक पेला तयार होई. माणसाचा उरलेला पाय त्यात बसे. त्या पेल्याला स्क्रूसाठी भोकं पाडायची, हे माझं काम.

थोरली भारी शिस्तीची. पेल्यात लाकडी ठोकळा घट्ट बसवल्याशिवाय ती मशीनला हात लावत नसे. आरपार निघताना माझा सगळा जोर शेवटच्या थरांवर येतो. मागे आधार नसला की ते सुटतात. माझा स्वभावच तसा, काय करणार! भोक पडलं की थर सुटले नाहीत ना, हे कळायला ती पेल्यावर नाणं वाजवून ऐके. "बघ कसा खणखणीत वाजतोय!" असं ती म्हणाली की मी फुशारून जाई.

पुढे माझी धार गेली. "उद्या लावू," असं धाकटी रोज म्हणायची. तो उद्या काही उजाडला नाही.

एका शनिवारी पोस्टमनकाका आपला कृत्रिम पाय न्यायला आले. सोमवारी कामावर हजर व्हायचं, नाहीतर फिरती जाऊन कायमचं पोस्टाच्या खिडकीत तिकिटं विकायला बसायचं, असा साहेबांचा हुकूम होता. काकांना घरोघर फिरण्याचं वेड.

"झालं का गं, पोरी?"

"झालंच, काका!"

थोरली बाहेर गेली होती. धाकटीने घाईत ठोकळा लावलाच नाही आणि मला जोरात दाबलं. बोथट झालेला मी कापत नव्हतो, नुसता रेटत होतो. आरपार निघालो तेव्हा आत काहीतरी चर्रकन सुटलं. मला ते कळलं, पण ओरडायला तोंड कुठे होतं? बाहेरून भोक अगदी सुबक दिसत होतं. आतून तिने लगेच मऊ अस्तर चिकटवलं.

काका पाय चढवून खुशीत जिन्याकडे निघाले, तेवढ्यात थोरली आली. सवयीने तिने ठोकळा हातात घेतला. प्रत्येक पायागणिक त्यावर माझी एक ताजी खूण उमटायची. आज ती नव्हती.

"ठोकळा लावला नाहीस?"

"घाईत राहिला, ताई."

"काका, थांबा! पायरी उतरू नका!"

काकांना बाकावर बसवून तिने पाय उतरवला. पेल्यावर नाणं वाजलं. भद्द! अस्तर सोललं तर थर पापुद्र्यांसारखे सुटलेले. काकांनी त्या थरांवरून बोट फिरवलं.

"माझा सोमवार गेला की गं."

"साहेबांशी मी बोलते, काका. पण या पायावर तुम्हाला जिना उतरू देणार नाही."

साहेबांनी ऐकलं नाही. नवा पाय दहा दिवसांनी, नव्या बरम्याने झाला. काका आता तिकिटं विकतात.

तो फसलेला पेला धाकटीने मशीनशेजारी टांगला आहे. रोज सकाळी कामाआधी ती त्यावर नाणं वाजवते. भद्द! डब्यात मी दचकतो.

मित्रांनो, माझ्यासारख्याला वेळेवर धार लावा, मागे आधार द्या. आणि कुणी भरवशाने जिन्याकडे निघालं असेल, तर आधी नाणं वाजवून ऐका.